हाव म्हणण्याआधी

२० मार्च

समीक्षा मॅडमनी सांगितलं, डायरी लिहा. रोज नाही जमली तरी चालेल, जमेल त्या दिवशी लिहा, आणि काल का नाही लिहिली यावर एक ओळही खर्च करू नका. हे मला आवडलं. शाळेत मास्तर बरोबर याच्या उलट सांगायचे आणि वर छडी.

तर मी जीवन राठोड. दिग्रसजवळच्या तांड्यावर राहतो आणि बिछायत केंद्र चालवतो. म्हणजे लग्न, साक्षगंध (साखरपुडा), बारसं, तेरवी, काहीही असो, मंडप, खुर्च्या, गाद्या, गंज म्हणजे मोठी पातेली, कढया, जनरेटर, सगळं माझ्याकडून भाड्यानं जातं. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी, आणि मॅडम पुण्याच्या असल्यामुळे त्यांच्याशी शाळेतली मराठी.

मला एडीएचडी आहे. यवतमाळच्या मानसोपचार डॉक्टरांनी दोन वेळा बसवून नको नको ते विचारलं, याडीला, म्हणजे माझ्या आईला, बोलावून मी पोरगा असताना कसा होतो ते विचारलं (ती संध्याकाळपर्यंत सांगत बसली असती), आणि मग नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. म्हणाले, गोळी म्हणजे चष्मा आहे, वाचायचं तुम्हालाच आहे. वाचायला शिकायला लाइफ कोच बघा.

डॉक्टरकडे मला बायकोनं नेलं. बबिता आरोग्य केंद्रात नर्स आहे, तिला हे बरोबर कळलं. कोचही, म्हणजे समीक्षा मॅडमही, तिनंच शोधली. आणि मग बॅग भरून राळेगावकडे माहेरी निघून गेली. तिच्या भावाचं, राजदीपचं, ११ मेला लग्न आहे. भावाच्या लग्नाला एवढे दिवस आधी कोणी जात नाही, हे मलाही समजतं.

जाताना ती म्हणाली, "मारेगावले पोस्टिंग मिळून राह्यली. घ्याची का नाही, ते राजदीपचं लगन झाल्यावर सांगते. तुमी काई बोलू नका आता. तुमी हाव म्हनसान अन् मी भरोसा ठेवीन."

मी म्हणालो, "हाव."

२३ मार्च

मॅडमशी दुसरा व्हिडिओ कॉल. आधी त्यांनी आपण काय करत नाही ते सांगितलं. त्या डॉक्टर नाहीत. गोळ्यांबद्दल बोलणार नाहीत. रागावणार नाहीत. "आणि मी तुम्हाला उपदेश करणार नाही, प्रश्न विचारणार आहे." मी म्हणालो, हाव. मग त्या म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट धरायची. मी म्हणालो, हाव. त्यांनी आणखी काही विचारलं, तेव्हा खिडकीत माकड आलं होतं. मी म्हणालो, हाव.

मॅडमनी विचारलं, "जीवन, तुम्ही मघापासून हाव, हाव म्हणताय. कशाची हाव आहे तुम्हाला?"

मी म्हणालो, हाव.

मग उलगडा झाला. पुण्यात हाव म्हणजे लोभ. आमच्याकडे हाव म्हणजे हो. मॅडम खूप हसल्या, मग डोळे पुसून विचारलं, "आता खरं सांगा, मी शेवटचा प्रश्न काय विचारला होता?"

माकडाबद्दल सगळं सांगू शकलो असतो.

३० मार्च

घोटाळा. विहिरीवर तांड्याच्या नायकाची बायको मला म्हणाली, "अभिनंदन हाय जीवनभाऊ." मला वाटलं बबिता परत येतेय की काय. नाही. याडीनं तांडाभर सांगितलंय की माझ्या जीवनला पीएचडी मिळाली. यवतमाळहून. घरोघरी पेढेही वाटून झाले.

मी तिला बसवून समजावलं. "याडी, पीएचडी नाही. एडीएचडी. डाक्टरनं सांगतलं न तुह्यासमोर."

ती ज्वारी निवडत होती. "मले काय कयते बाबा त्या इंग्रजीतलं. अडानी बाई मी."

"मंग सगळ्याले सांग, चुकून म्हनलं म्हनून."

"अन् काय सांगू? यवतमाळले कोन्या डाक्टरपाशी गेलता म्हनून सांगू? त्या डाक्टरच्या पाटीवर काय लिवलं हाय ते सांगू? बस गुमान."

बिचारी. अक्षरओळख नसली की असं होतं. बचत गटाचे सगळे हिशोब तोंडी सांगते, पण ही चार अक्षरं काही तिच्या लक्षात राहिली नाहीत.

४ एप्रिल

मॅडमचा गृहपाठ: काम सुरू करण्याआधी किती वेळ लागेल ते लिहायचं, झाल्यावर खरा वेळ लिहायचा. टेम्पोत खुर्च्या भरायला मी पाऊण तास लिहिला. अख्खी सकाळ गेली. मधे मला एक खुर्ची डुगडुगताना दिसली, ती दुरुस्त करायला घेतली, त्यासाठी पाना शोधला, पाना शोधताना जुना लाउडस्पीकर सापडला, तो वाजतो का बघितला. वाजतो.

मॅडमना हे सांगताना मी जरा कमी करून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "माझ्याकडून मार्क मिळवायचे नाहीत तुम्हाला. लाउडस्पीकरपर्यंत कसे पोचलात ते सांगा, मला उत्सुकता आहे." मग सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मन कुठून निसटलं? कुठल्या जागी? मी म्हणालो, डुगडुगत्या खुर्चीपाशी. म्हणजे आता खुर्ची डुगडुगली की तिला लाल फडकं बांधायचं आणि पुढं जायचं. हे फडकं मी स्वतः सुचवलं, मॅडमनी नाही. त्यांनी फक्त विचारलं.

दुसरं असं की काम करताना कुणीतरी नुसतं जवळ बसलं तरी आमच्यासारख्यांचं काम पुढं सरकतं. त्या माणसानं मदत नाही करायची, बोलायचंही नाही. मी बापूंना, म्हणजे वडिलांना, विचारलं. बापूंना या कोचिंगचा फार राग. "हात हाय, पाय हाय, अन् काम कराले बाई लागते मोबाईलमधली?" असं म्हणून खाट आणून टेम्पोजवळ टाकली. म्हणाले, चोर येतात म्हणून बसतो. दिवसाढवळ्या.

आमच्या बापूंनी आजवर तीन विहिरी खोदायला घेतल्या आणि तिन्ही अर्ध्या आहेत. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. बाजारात बैल विकायला गेले आणि कोंबड्या घेऊन आले, बैलासकट. पण कामाचा माणूस. हे माझ्यात कुठून आलं देव जाणे.

९ एप्रिल

सासऱ्यांचा, भावसिंगमामांचा फोन आला. जनरेटरचा पट्टा बसवत होतो, दात-ओठ खाऊन. ते बराच वेळ खुशीत बोलत होते. मी हाव हाव म्हणालो. काय बोलले ते नंतर आठवेना, पण माणूस खुश होता म्हणजे चांगलंच काहीतरी असणार.

१० एप्रिल

पट्टा पुन्हा तुटला.

१६ एप्रिल

राजदीपची लग्नपत्रिका आली. छान आहे, सोनेरी. वर सेवालाल महाराज, खाली गणपती, त्याखाली सगळ्यांची नावं. एका ओळीत लिहिलंय:

जावई : डॉ. जीवन राठोड (पीएच.डी.)

मी ती ओळ बसून वाचली, मग उभं राहून वाचली. मग बबिताचा फोन आला. ती नेहमी आधी "जेवले का" विचारते. या वेळी विचारलं नाही.

"बानं तुमाले फोन केलता का?"

"हाव."

"डाक्टर लिवू का म्हनून इचारलं का त्यायनं?"

"मले आठवत नाही."

"तेच त हाय जीवन." ती मला नावानं कधी हाक मारत नाही. "हे पाहा, पत्रिका गावोगाव गेली. बा लय फुशारकीत हाय. लगनात त्यायची इज्जत जाईन म्हनून मी गप बसून राह्यली. पन मले खोट्या डाक्टरसंग नाही राहाचं. साध्या बिछायतवाल्यासंग मी चार वर्सं राह्यली न? काई म्हनलं?"

मला फार लाज वाटली, आणि ती फोन ठेवायच्या आत मला तिला खूप काही सांगायचं होतं.

१८ एप्रिल

मॅडमना पत्रिका दाखवली. मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. (थोडंसं हसल्या.) मग विचारलं, "हाव म्हणण्याआधी काय होतं? अगदी आधीचा क्षण आठवा."

खूप वेळ शोधलं. मग सापडलं. समोरचा माणूस बोलतोय, माझं लक्ष सुटलेलं, आणि एकदम शांतता होते. म्हणजे त्यानं काहीतरी विचारलंय. मी पकडला गेलो. शाळेत असं झालं की मार बसायचा. मग मी पटकन हाव म्हणतो. हाव म्हटलं की कुणी मारत नाही.

हे मी तुटक तुटक सांगितलं. मॅडमनी घाई केली नाही.

मग आम्ही ठरवलं की हाव आणि माझ्यामध्ये एक वाक्य ठेवायचं. नाही म्हणायचं नाही एवढ्यात. नुसतं "पाहून सांगतो". आणि ऐकू आलं नसेल तर "अजून एकदा सांगा".

२० एप्रिल

सराव चालू. याडीनं चहा विचारला, मी म्हणालो पाहून सांगतो. पाहून येईपर्यंत बापूंनी माझा चहा पिऊन टाकला.

२१ एप्रिल

मॅडम म्हणाल्या होत्या, सगळे हाव एका जागी दिसले पाहिजेत, डोक्यात नाही. म्हणून गोदामाच्या भिंतीवर खडूनं मे आणि जून महिने काढले आणि ज्याला ज्याला हाव म्हटलंय त्याला फोन करून तारीख विचारली. बापू खाटेवर बसून चोरांवर लक्ष ठेवत होते.

११ मेच्या चौकोनात दोन नावं आली. एक राजदीप. दुसरे किसनराव, दिग्रसच्या बाजूचे मोठे शेतकरी, त्यांच्या मुलीचं साक्षगंध. त्यांच्या मुनिमाला फोन केला तेव्हा कळलं. फेब्रुवारीत बसस्टँडवर मी त्यांना हाव म्हणालो होतो. माझ्याकडे मंडप एकच आहे.

बापू म्हणाले, "दोन ठिकानी अर्धा अर्धा लाव."

२२ एप्रिल

मॅडमना घाबरून व्हॉइस मेसेज टाकला. आठवड्यातून दोनदा तशी मुभा आहे. त्यांचं उत्तर आलं: "यातलं सगळ्यात लहान पहिलं काम कोणतं?" मला वाटलं त्या म्हणतील अमुक करा, तमुक करा. चिडून मी लिहिलं, चप्पल घालणं. त्यांनी लिहिलं, "छान. घातली की कळवा."

आगाऊ बाई आहे.

२६ एप्रिल

आज चप्पल घातली. चार दिवस लागले, त्यात एक दिवस चप्पल सापडत नव्हती.

वाटेत नाही म्हणायचा सराव करत गेलो. बाभळीला नाही म्हणालो, एका बकरीला नाही म्हणालो. किसनराव ओसरीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, काका, तुमच्या साक्षगंधाले मले मंडप देता येत नाही, त्याच दिवशी मी मेव्हण्याच्या लग्नाले हाव म्हनून बसलो, माही चूक झाली, आज सांगून राह्यलो म्हणजे तुमाले दुसरा पाहता येईन.

किसनरावांनी मला बसवलं. पाणी मागवलं. ते अजिबात रागावले नाहीत.

"अरे जीवन, मी तवाच दुसरा ठरवला. तू बसस्टँडवर हाव म्हनला न, तिथूनच मी पुसदवाल्याले फोन लावला."

"मंग मले काहून इचारलं काका?"

"तुह्या बापाचा अन् माहा घरोबा हाय. इचारा लागते. तू चांगला पोरगा हायेस, तुले हाव म्हनाले बरं वाटते. सगळेच असंच करतात. तुले सांगतात, अन् एक दुसरा सांगून ठेवतात."

मी पाणी प्यालो आणि निघालो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हावनं माणसं अडचणीत येतात असं मला वाटत होतं. कुणी अडचणीत येतच नाही. माझा हाव कुणी धरतच नाही. एकटी बबिता धरायची.

२७ एप्रिल

मॅडमना सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. त्यांनी विचारलं, "मग तुमचा शब्द कसा असावा असं तुम्हाला वाटतं?" आणि गप्प बसल्या. ही त्यांची खोड आहे. प्रश्न टाकून गप्प बसतात, आणि मग आपल्याच तोंडून काहीतरी बाहेर पडतं.

माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मी येतो म्हनलं का कोनीतरी भाकर टाकली पाहिजे."

३ मे

लग्नाचं काम मागून पुढं लावलं. दहा तारखेला संध्याकाळी मंडप उभा, म्हणून सकाळी टेम्पो राळेगावला, म्हणून नऊ तारखेला रात्री भरलेला, म्हणून आठ तारखेला बल्ल्या (मंडपाचे खांब) मोजलेल्या. प्रत्येकाला मोबाईलवर गजर लावला, वेगवेगळ्या आवाजाचा. बल्ल्यांचा कोंबडा, खुर्च्यांचा रेल्वेचा भोंगा.

एक गंमत. आज बापूंच्या खिशात कोंबडा आरवला. मी विचारलं हे काय, तर म्हणाले मोबाईल बिघडला. आणि लगबगीनं बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यांच्या खाटेच्या पायाला लाल फडकंही बांधलेलं आहे. कोणी बांधलं कुणास ठाऊक.

१० मे

मंडप उभा आहे. ऊन उतरायच्या आत. मी हे माझ्या मेव्हण्याच्या अंगणात बसून लिहितोय.

बबिता आली, प्रत्येक बल्ली हलवून पाहिली. एकही हलली नाही. म्हणाली, "जेवून घ्या." बाकी काही नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही, आणि मला फार भीती वाटतेय. सासरे मात्र पाहुण्यांना सांगत फिरताहेत, "आमचे डाक्टर जवाई, पाहा, स्वतः कनात बांधून राह्यले. इतके शिकून किती साधे." एका म्हाताऱ्यानं मला गुडघा दाखवला.

११ मे, दुपार

लग्न लागलं. लिहून टाकतो, नाहीतर विसरेन.

भावसिंगमामांनी माइक घेतला आणि म्हणाले, आता आमचे जवाईबापू डॉक्टर जीवन राठोड दोन शब्द बोलतील. बोलाल न जवाईबापू? सगळा मंडप माझ्याकडे पाहायला लागला. ती शांतता झाली, तीच. तोंडात हाव आलाच होता.

मी म्हणालो, "मामा, अजून एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी नीट ऐकलं. मग माइक घेतला आणि म्हणालो, "दोन शब्द बोलतो, पन मी डाक्टर नाही. पीएचडी नाही मले. मामानं फोनवर इचारलं अन् मी न आयकता हाव म्हनलो. त्यायची चूक नाही. मले जे हाय त्याले एडीएचडी म्हनते. माहं ध्यान लागत नाही. गोया चालू हाय, शिकवनी बी चालू हाय. मंडप मीच लावला, तो पक्का हाय."

कुणी हसलं, कुणी खुसखुसलं. भावसिंगमामांचा चेहरा उतरला, मला त्यांच्याकडे पाहवेना. मागून कुणीतरी ओरडलं, म्हणजे येडा हाय काय?

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून याडी उठली. पदर सावरला. "पीएचडीच्यावर एक अक्षर जास्तच हाय," ती म्हणाली. "मोजून घे. अन् तुह्या घरी एक तरी अक्षर हाय का, ते सांग."

मंडपात असा हशा उठला की जनरेटर ऐकू येईना. शेवटी भावसिंगमामाही हसले आणि बँडवाल्यांना खूण केली. मला एकच कळत नाही. पीएचडी आणि एडीएचडी यात किती अक्षरं, हे अडाणी बाईला कोणी शिकवलं?

बबिता दिसली नाही.

१२ मे

सकाळी मंडप उतरवत होतो. पाहुणे पांगले होते. मी सतरंज्या गुंडाळत होतो आणि बबिता येऊन दुसरं टोक धरून उभी राहिली. आम्ही दोघांनी एक सतरंजी गुंडाळली, मग दुसरी. ती बोलत नव्हती, मी बोलत नव्हतो. काम मात्र भराभर होत होतं.

मग ती म्हणाली, "मी मारेगावची पोस्टिंग घेतली. काल सकाळीच कळवलं, लगनाच्या आधी."

मला सतरंजीवर बसावं लागलं. कालचं सगळं, मंडप, माइक, सगळं ती ठरवून झाल्यावर घडलं होतं. मला वाटत होतं मी परीक्षेला बसलोय, आणि पेपर आधीच तपासून झाले होते. मी रडलो. तिनं रडू दिलं.

"नोकरी पक्की होते तिथं," ती म्हणाली. "तुमाले सोडून नाही चालली. पन तुमच्यासाठी नोकरी बी सोडत नाही. दर रविवारी याल?"

मला हाव म्हणायचं होतं. इतकं आयुष्यात कधी म्हणायचं नव्हतं. ती मान खाली घालून बोटाला सुतळी गुंडाळत होती, जणू उत्तर तिला माहीतच होतं.

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

मोबाईल काढला. गोदामाच्या भिंतीचा फोटो होता. बोटानं मोठा केला, मे पाहिला, जून पाहिला. बराच वेळ लागला. ती हलली नाही. मग मी म्हणालो, "दर रविवारी नाही जमत. येत्या रविवारी आर्णीले लगन हाय. त्याच्या पुढच्या रविवारी दोन हाय, एक दारव्ह्याले मंडप, एक दिग्रसले नुसत्या खुर्च्या. एक जूनले येतो. सकायच्या गाडीनं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. चार वर्षांत मी तिला पहिल्यांदा नाही म्हणालो होतो.

मग तिनं तिथंच उभ्या उभ्या मारेगावला फोन लावला. "सिस्टर, एक जूनची माही ड्युटी बदलून द्या," म्हणाली. "आमचे हे येऊन राह्यले."

मला पुन्हा विचारलं नाही.